स्पर्शाचं शास्त्र आणि शिकाऊ हात

१८९४ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये मसाजवरून मोठा गवगवा झाला. शहरातल्या अनेक मसाजगृहांत पाटी उपचाराची आणि धंदा वेगळाच, असा मजकूर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. याचा फटका बसला तो रुग्णालयांत आणि घरोघरी जाऊन खरोखरीचा उपचार म्हणून मर्दन करणाऱ्या परिचारिकांना. त्यांतल्या चौघींनी, लूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर यांनी, आपल्या कामाची अब्रू राखण्यासाठी एक संस्था काढली. तिचं नाव ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’. आज ब्रिटनमध्ये ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ म्हणून जी संस्था ओळखली जाते, तिचं मूळ हे. म्हणजे फिजिओथेरपी या व्यवसायाचा एक मोठा प्रवाह सुरू झाला तोच स्पर्शाभोवतीच्या संशयाला उत्तर देण्यासाठी.

त्या संस्थेचे सुरुवातीचे नियम मोजके होते. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मर्दन करायचं नाही. पुरुषांना सर्वसाधारण मर्दन करायचं नाही, डॉक्टरांनी खास विनंती केली तरच अपवाद. जाहिरात करायची तर वैद्यकीय पत्रांतच. रुग्णांना औषधं विकायची नाहीत. नियम शहाणपणाचे होते आणि त्यांनी व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली, यात शंका नाही. पण पुन्हा वाचून पाहा. प्रत्येक नियमाचं बंधन हात लावणारीवर आहे. खाटेवर झोपलेल्या माणसाने कसं वागावं, याबद्दल त्यांत काही नाही. पुरुषाचं वागणं आवरण्याचा उपाय म्हणजे त्याला यादीतूनच वगळणं.

तो उपाय वीस वर्षंच टिकला. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, ‘अल्मेरिक पॅजेट मसाज कोअर’ उभी राहिली आणि याच प्रशिक्षित स्त्रिया जखमी सैनिकांच्या उपचाराला लागल्या. रुग्ण सगळे पुरुष, तरुण, घरापासून दूर. नियम परिस्थितीने मोडला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. त्याऐवजी आला पांढरा गणवेश, करडी मुद्रा आणि ‘चांगल्या मुलीला असले अनुभव येत नाहीत’ हा न लिहिलेला नियम. तो मात्र भलताच टिकाऊ निघाला.

आपल्याकडे या विद्येचा प्रवेश वेगळ्या दाराने झाला. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, त्यामागे पोलिओची साथ होती. १९५५ मध्ये ‘इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स’ स्थापन झाली. पोलिओचा रुग्ण म्हणजे लहान मूल, शेजारी त्याची आई, आणि समोर त्याच्या लुळ्या पायाला व्यायाम देणारी ‘ताई’. या चित्रात आपल्या प्रश्नाला जागाच नव्हती. पुढे पोलिओ गेला. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. आणि विभागातल्या खाटांवर दुसरी माणसं आली: अर्धांगवायूचे, मणक्याला इजा झालेले, अपघातात डोक्याला मार लागलेले, गुडघा बदललेले, कंबर धरलेले. बहुतेक प्रौढ. रुग्ण बदलले, पण ताईचं चित्र शिक्षकांच्या आणि पालकांच्या मनात तसंच राहिलं.

महाराष्ट्रात हा पदवी अभ्यासक्रम घेणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने आहेत, हे कुठल्याही महाविद्यालयाच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. बारावीनंतर प्रवेश, मग रुग्णालयातली पोस्टिंग्ज, शेवटी इंटर्नशिप. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पांढरा ॲप्रन घालून पहिल्यांदा परक्या माणसाच्या खांद्याला, कमरेला, मांडीला हात लावते. डॉक्टर तपासतो तेव्हा हात मिनिटभर लागतो. फिजिओथेरपीत तो अर्धा तास लागतो, पुन्हा उद्या, परवा, असे कित्येक आठवडे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवताना तो जवळजवळ मिठीतच असतो. फुप्फुसांच्या व्यायामात तळवा बरगड्यांवर असतो. भोवती पडदा ओढलेला. आणि रुग्णाच्या तोंडी या सगळ्याला शब्द असतात: शेक, करंट, मालिश. सरकारी मराठीतला ‘भौतिकोपचार’ तर कुणीच म्हणत नाही. ‘मालिशवाल्या मॅडम कुठे बसतात?’ हा प्रश्न निरागसपणेच विचारला जातो, पण लंडनमधल्या त्या चौघींनी ज्या शब्दापासून व्यवसाय सोडवायचा प्रयत्न केला, तो शब्द इथे जिन्याशीच भेटतो.

हे किती घडतं? अमेरिकेत २०१७ मध्ये ‘फिजिकल थेरपी’ या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात व्यावसायिक आणि विद्यार्थी मिळून ८४ टक्के उत्तरदात्यांनी कारकिर्दीत कधी ना कधी रुग्णाकडून लैंगिक स्वरूपाचं अनुचित वर्तन अनुभवल्याचं सांगितलं, आणि ४७ टक्क्यांनी गेल्या बारा महिन्यांतच. अश्लील विनोदापासून अंगाला हात घालण्यापर्यंत सगळं त्यात मोजलेलं आहे. धोका वाढवणाऱ्या गोष्टींत स्त्री असणं, प्रामुख्याने पुरुष रुग्णांवर उपचार करणं, बुद्धीवर परिणाम झालेल्या रुग्णांबरोबर काम करणं या होत्या, आणि आणखी एक: अनुभवाची वर्षं कमी असणं. आकडे परदेशातले आहेत, इथे तेच असतील असं म्हणता येणार नाही. पण कारणं शरीराची आणि खोलीच्या रचनेची आहेत, ती इथे वेगळी असण्याचं कारण दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली आणि देशभर रुग्णालयांतल्या सुरक्षिततेची चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. कॅमेरे, पहारेकरी, रात्रपाळीच्या विश्रांतीच्या खोल्या हे सगळे मुद्दे आवश्यकच होते. पण आपण ज्याबद्दल बोलतो आहोत ते सकाळी अकरा वाजता घडतं, बाहेर रांग असताना. पडद्याआड कॅमेरा बसवता येत नाही आणि बसवूही नये.

या वागण्याला मराठीत नावं भरपूर आहेत: चावटपणा, वात्रटपणा, आगाऊपणा. म्हातारा असेल तर ‘रंगेल’. यातल्या प्रत्येक शब्दात किंचित हसू आहे. ‘तीन नंबरच्या खाटेवरचे आजोबा जरा आगाऊ आहेत हं’ असं वरच्या वर्गातली मुलगी खालच्या वर्गातलीला सांगते, आणि विभागाची सुरक्षाव्यवस्था एवढ्यावर संपते. हे कुजबुजीचं ज्ञान उपयोगी असतं, मी त्याला हसणार नाही. पण ते केसपेपरवर उतरत नाही. पोस्टिंग बदललं की ते वाहून जातं आणि नव्या तुकडीला पहिल्यापासून शिकावं लागतं.

दुसरा अडसर नात्याच्या शब्दांचा. रुग्णाला ‘काका’, ‘आजोबा’, ‘दादा’ म्हणायचं हे आपल्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. त्याने ऊब येते. भेदरलेला माणूस सैलावतो, व्यायाम मनावर घेतो. मी हे शब्द टाकून द्या म्हणणार नाही. पण त्यांची दुसरी बाजूही आहे. ‘काका’ म्हटलं की काकांचे हक्कही मागोमाग येतात: पाठीवर थाप मारण्याचा, ‘अगं’ म्हणण्याचा, लग्न ठरलं का विचारण्याचा. आणि मुलीच्या तोंडचा विरोध भाचीचा होतो. ‘काका, असं काय हो करता? नका ना!’ या वाक्यातला ‘ना’ ऐका. मराठीत तो लाडिकपणाचा, विनवणीचा प्रत्यय आहे. ज्याला थांबायचं नाही, त्याला त्यात नकार ऐकू येत नाही. मुलगी मात्र मनाशी म्हणत असते की आपण स्पष्ट सांगितलं.

म्हणून पहिला धडा भाषेचा आहे असं मला वाटतं, आणि तो कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही. नकाराच्या क्षणी नातं बाजूला ठेवायचं, ‘ना’ गाळायचा, हसू गाळायचं, ‘प्लीज’ही गाळायचं. आदरार्थी ‘तुम्ही’ ठेवायचं, कारण ‘तुम्ही’मध्ये अंतर आहे आणि इथे अंतरच हवं. वाक्य कृतीबद्दल असावं, माणसाच्या स्वभावाबद्दल नाही. ‘तुम्ही माझ्या कमरेवर हात ठेवलात. हात काढा.’ एवढं पुरे. ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ म्हटलं की भांडण लाजेवर जातं आणि हात बाजूला राहतो. पुन्हा तेच झालं तर पुढचं वाक्य: ‘आता मी उपचार थांबवते आहे आणि सरांना बोलावते आहे.’ आणि मग खरंच थांबवायचं, खरंच बोलवायचं. हे म्हणताना आपले हात काढून घेऊन एक पाऊल मागे, रुग्णाला आपला चेहरा दिसेल असं उभं राहायचं. पडदा उघडायचा. वाक्यं साधी आहेत, पण विसाव्या वर्षी ती आयत्या वेळी सुचत नाहीत. म्हणून वर्गात मोठ्याने म्हणून त्यांचा सराव करायला हवा. सांध्याच्या हालचाली एकमेकांवर करून पाहतातच की, तसंच.

भाषेचा दुसरा भाग घटनेच्या आधीचा आहे. विद्यार्थिनीने शरीर इंग्रजीतून शिकलेलं असतं. नितंबाच्या स्नायूला ती ‘ग्लुटियस’ म्हणते, रुग्णाला ते कळत नाही, आणि त्याला कळेल असा मराठी शब्द तिला उच्चारवत नाही. मग ती काहीच न बोलता हात लावते. न बोलता लावलेल्या हाताचा अर्थ ज्याचा तो लावतो. ‘खुबा’, ‘जांघ’, ‘बैठकीचा स्नायू’, ‘मांडीची आतली बाजू’ हे शब्द सभ्य आहेत आणि खेड्यातल्या माणसालाही समजतात. ‘आता मी मांडीच्या आतल्या बाजूला हात लावणार आहे, तो स्नायू आखडला आहे का ते बघायला. चालेल ना?’ इथला ‘ना’ मात्र हवा, ही परवानगी आहे. तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी चादर घालायची. स्त्री रुग्णावर उपचार करणाऱ्या मुलग्यांनाही हेच कवच आहे, आणि रुग्णालाही: परवानगी घेणाऱ्या हाताला तोही ‘नको’ म्हणू शकतो.

आता खरा अवघड भाग. प्रत्येक प्रसंग सारखा नसतो आणि सगळ्यांना एकच उत्तर देणं अन्यायाचं होईल. मणक्याला इजा झालेल्या पुरुषाच्या शरीरात नुसत्या स्पर्शाने, मूत्रनळीच्या हालचालीने लिंगाला ताठरता येऊ शकते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा चाप पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी असतो, मेंदूचा हुकूम तिथे लागत नाही. पुष्कळदा त्या माणसाला ते कळतही नाही, आणि कळलं तर तो शरमेने मेलेला असतो. त्याच्यावर चादर ओढायची, दुसऱ्या अवयवाकडे वळायचं किंवा दोन मिनिटं थांबायचं. ओरडायचं काही नाही. हे पहिल्या पोस्टिंगच्या आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर मुलगी घाबरते आणि रुग्ण विनाकारण गुन्हेगार ठरतो.

मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागलेला, त्या बाजूला झटका आलेला किंवा विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश झालेला माणूस वेगळा. मनात येणं आणि करणं यांच्यामधलं फाटक त्याच्यात मोडलेलं असतं. कालपर्यंतचे भिडस्त मास्तर नर्सच्या अंगाला हात घालतात, शिव्या देतात, लगेच रडतात. हा आजाराचा भाग आहे. पण ‘आजाराचा भाग’ हे वाक्य अनेकदा विद्यार्थिनीला गप्प करायला वापरलं जातं, तिथे मला हरकत आहे. कारण आजाराचा भाग असला तरी तो हात तिच्याच अंगावर पडतो. फेफऱ्याच्या रुग्णापासून आपण टोकदार वस्तू दूर ठेवतो, तशीच इथेही तजवीज करायची असते: दोघींनी मिळून उपचार करायचे, पडद्याऐवजी मोकळ्या हॉलमध्ये करायचे, सूचना लहान द्यायच्या, लक्ष चटकन दुसरीकडे वळवायचं. अर्धांगवायूत एक हात चांगला असतो, त्याला काम द्यायचं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून पुढे धरायला लावणं हा त्या रुग्णांचा नेहमीचाच व्यायाम आहे. उठताना, बसताना हात गुंफलेले राहिले की लुळ्या खांद्यालाही आधार मिळतो आणि चांगला हात भटकत नाही.

आणि तिसरा, ज्याचं फाटक शाबूत आहे तो. ओळखायचा कसा? एक खूण बहुधा चालते. हा माणूस निवड करतो. मोठे डॉक्टर राउंडला आले की त्याचे हात छातीवर जोडलेले असतात. पीजीच्या मुलीशी तो जपून बोलतो आणि पहिल्या वर्षाच्या मुलीशी सैल. बायको शेजारी असताना विनोद आठवत नाहीत. मोडलेल्या मेंदूला इतकं नेमकं गणित सहसा जमत नाही.

या तिसऱ्याच्या बाबतीत कायदा काय म्हणतो? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. तो सहकारी आणि वरिष्ठ यांच्यापुरताच आहे, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याचं १९ वं कलम मालकावर जबाबदारी टाकतं ती कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देण्याची. रुग्ण ही तशीच व्यक्ती. रुग्णालय आणि नर्सिंग होम यांचा ‘कामाचं ठिकाण’ म्हणून स्पष्ट उल्लेख आहे, कामानिमित्त भेट दिलेल्या जागेचाही, आणि प्रशिक्षणार्थींना कायदा वगळत नाही. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढते. रुग्ण हा संस्थेचा नोकर नसल्यामुळे अंतर्गत समिती त्याची पगारवाढ रोखू शकत नाही, हे उघड आहे. पण तिची इच्छा असेल तर अशा बाहेरच्या माणसाविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करून देणं हेही त्याच कलमात संस्थेचं कर्तव्य म्हणून आहे. भारतीय न्याय संहितेची ७४ आणि ७५ ही कलमं त्यासाठी आहेत. या कायद्याचं संरक्षण स्त्रियांना आहे. मुलग्यांवर असे प्रसंग येतात, तेव्हा त्यांना विभागप्रमुखांच्या समजुतीवरच विसंबावं लागतं, ही उणीव आहे.

मात्र रोजचे प्रसंग पोलिसांपर्यंत जायच्या योग्यतेचे नसतात आणि न्यायचेही नसतात. ते विभागातच मिटायला हवेत, मिटवायचे म्हणजे दाबायचे नव्हेत. घडलं त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगायचं. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, वेळ आणि आपण काय केलं ते नोंदवायचं. ‘रुग्ण अनुचित बोलला’ ही नोंद कुणाच्याच कामाची नसते. मग पर्यवेक्षकाने स्वतः रुग्णाशी बोलायचं, गरज पडली तर काय चालेल आणि काय चालणार नाही हे कागदावर लिहून त्याची सही घ्यायची. रुग्ण दुसऱ्याकडे द्यायचा किंवा तिसरी व्यक्ती हजर ठेवायची. त्या अमेरिकन पाहणीच्या मालिकेतच नंतर कुठल्या उपायांनी वागणं आटोक्यात आलं याचाही शोध घेतला गेला, तेव्हा लक्ष वळवणं, थेट सांगणं, लेखी करार, रुग्ण दुसऱ्याकडे सोपवणं, सोबत ठेवणं हे उपाय कामी आलेले दिसले.

हे होत नाही याचं कारण भीतीपेक्षा हिशेब आहे असं मला वाटतं. मुलीला त्या पोस्टिंगची सही हवी असते, लॉगबुकात तेवढ्या केसेस हव्या असतात, आणि परीक्षेला तोच रुग्ण तिच्या वाट्याला येऊ शकतो. तक्रार केली तर ‘हिला पेशंट हाताळता येत नाहीत’ हा शेरा. शिवाय घरी कळलं तर कॉलेज बंद, ही टांगती तलवार. त्यामुळे ती आपल्या परीने मार्ग काढते. ती कुणाला सांगत नाही, फक्त तिचा हात आखडतो. खांदा धरायचा तिथे मनगट धरते, वीस मिनिटांचा व्यायाम बारा मिनिटांत उरकते, नजर देत नाही. आणि त्या आखडलेल्या हाताची किंमत चार नंबरच्या खाटेवरचा, ज्याने कधी वावगा शब्द काढलेला नाही असा माणूस चुकवतो. त्याचा खांदा सहा आठवड्यांत सुटायचा तो सुटत नाही, आणि का सुटत नाही हे त्याला कधीच कळत नाही.

रुग्ण दुसऱ्याकडे सोपवला की एक प्रश्न उरतो: बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला काय सांगायचं? शुद्धीवरच्या, निवड करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते त्याच्याशीच बोलावं, बायकोला त्याच्या वागण्याची जामीनदार करू नये. मेंदूला इजा झालेल्याच्या घरी मात्र सांगायला हवं, नीट बसवून, आजार समजावून. कारण दुपारी तो घरी जाणार असतो. तिथे त्याला आंघोळ घालणारी सून असते किंवा ब्यूरोकडून बारा तासांसाठी आलेली मावशी असते. विद्यार्थिनीच्या पाठीशी निदान विभाग, पर्यवेक्षक, समिती यांचे सांगाडे तरी आहेत. मावशीसाठी त्याच २०१३ च्या कायद्यात जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती आहे, घरकाम करणाऱ्या स्त्रीची तक्रार तिने प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. तिचा पत्ता त्या बाकासमोरच्या भिंतीवर, व्यायामाच्या तक्त्याशेजारी लावायला जागा आहे.